वरची ओळ

"कसं?" आतून मेस्त्रींनी विचारलं.

"छान," मेस्त्रीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पट्टीवर बोट ठेवलं.

चर्चच्या मागच्या अंगाला, मोठ्या दाराच्या वर लाकडी माळा होता आणि त्या माळ्यावर भिंत भरून ऑर्गन. मेस्त्री त्याच्या पोटात शिडीवर उभे होते. मेस्त्रीणबाई बाहेर बाकावर, पट्ट्यांसमोर. त्यांनी पट्टी दाबून धरली की आत नळी वाजायची. मेस्त्री पितळी हत्याराने तिचं तोंड किंचित उघडायचे किंवा किंचित मिटायचे आणि सूर जागेवर आला की पुढची नळी. लग्न झाल्यापासून दोघं हेच काम करत आले होते. दिवसभर एकत्र, पण एकमेकांना न दिसता. लेक लहान असताना शाळेत सांगायची, "माझी आई कपाटाशी बोलते आणि कपाटातून बाबा उत्तर देतात."

पूर्वी मेस्त्री 'कसं?' असं विचारत नसत. नळी लागली की नुसतं 'हं' म्हणायचे. त्या 'हं'वरून मेस्त्रीणबाईंना सगळं कळायचं: नळी मुकाट्याने लागली की छळून लागली, मेस्त्रींना भूक लागली आहे की पाय दुखताहेत. 'कसं?' हे अलीकडचं. बाईंना ते आवडलं होतं. त्यांनी लेकीला फोनवर सांगितलंही होतं, "तुझे बाबा हल्ली मऊ झालेत गं. मला विचारायला लागलेत, कसं वाटतंय म्हणून."

वरच्या ओळीतल्या बोटाएवढ्या नळ्या त्यांना अलीकडे नीट वाटत नव्हत्या, हे खरं. पण आपण पट्ट्या दाबणारं माणूस. ज्यांच्या घरात हे काम आजोबांपासून चालत आलंय त्यांना आपण काय सांगायचं? आपलेच कान म्हातारे झाले असतील, असं म्हणून त्या 'छान' म्हणत राहिल्या.

हा ऑर्गन मेस्त्रींच्या आजोबांनी उभा केला होता. नळ्या पेट्यांमधून, भुशात पुरून आल्या होत्या आणि आजोबा त्या पेट्यांबरोबर आलेले कारागीर. काम संपल्यावर बाकीचे परत गेले, आजोबा राहिले. विचारलं तर सांगायचे, ऑर्गन अजून बसला नाही, लाकूड नव्या जागी रुळायला वर्ष तरी जातं. वर्ष गेलं, दुसरं गेलं. लाकूड कधीच रुळलं होतं. आजोबा मात्र चर्चसमोरच्या बेकरीवाल्याच्या मुलीपायी रुळायचे राहिले होते. पुढे तीच मेस्त्रींची आजी झाली.

मग लढाई आली. मेस्त्रींचे वडील तेव्हा हे काम बघायचे. वरून हुकूम आला की चर्चमधला धातू जमा करा. समोरच्या बाजूला रांगेने उभ्या असलेल्या, माणसाहून उंच नळ्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी उतरवल्या. परत येणार असल्यासारखी एकेक नळी घोंगडीत गुंडाळली आणि ट्रकवर चढवून दिली. वरच्या बारक्या नळ्यांकडे बोट दाखवून अधिकारी म्हणाला, "आणि त्या?" वडील म्हणाले, "साहेब, त्या सगळ्या वितळवून तुमचा एक चहाचा चमचासुद्धा होणार नाही." अधिकारी हसला आणि त्या वाचल्या. त्यांच्या जागी नंतर लाकडी नळ्या करून बसवल्या, वरून चंदेरी रंग दिला. त्या वाजत नाहीत. गावातल्या कित्येक जोडप्यांचे लग्नातले फोटो त्या मुक्या नळ्यांसमोर काढलेले आहेत. फार थोड्यांना हे माहीत आहे.

मधल्या ओळींमध्येही वेळोवेळी बदल झाले. काही उंदरांनी बिघडवलं, काही छताच्या गळतीने. आजोबांच्या हातचं असं उरलं होतं ते म्हणजे वरची ओळ.

त्या दिवशीचं काम आटपलं. मेस्त्री अंगणातल्या नळावर हात धुवायला गेले आणि जिन्याच्या तोंडाशी मेस्त्रीणबाईंना गणिताच्या बाई भेटल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि रविवारी ऑर्गन वाजवायच्या. सगळं गाव त्यांना गणिताच्या बाईच म्हणायचं.

"जरा थांबता का?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "राग मानू नका. वरची ओळ मी हल्ली उघडी वाजवतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खालचं जोरात लावते. त्यात ती झाकून जाते. पण ऑर्गनच्या शताब्दीला शेवटी जे वाजवायचं ठरलंय, ते संपताना फक्त वरची ओळ आहे. झाकायला काहीच नाही."

मेस्त्रीणबाई जिन्याच्या कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखाने काढत राहिल्या.

"शहरात एक जण आहेत हे काम करणारे," गणिताच्या बाई म्हणाल्या. "त्यांना एकदा बोलवावं असं मनात आहे. फादरना अजून बोलले नाही. मेस्त्रींना कसं सांगायचं, तेच कळत नाही मला."

"एकदा दुसरा माणूस आला की मग तोच येत राहणार."

"हो," गणिताच्या बाई म्हणाल्या. खोटं बोलून धीर देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं ना ते? वरचं?"

मेस्त्रीणबाईंनी अंगणाकडे पाहिलं. मेस्त्री ओले हात झटकत होते.

"येतं," त्या म्हणाल्या.

घरी जेवताना त्यांना मागचा उन्हाळा आठवला. दोघं संध्याकाळची अंगणात बसली होती आणि मेस्त्री म्हणाले होते, "यंदा रातकिडे आलेच नाहीत." आणि त्यांनी "हो ना" म्हटलं होतं. चारही बाजूंनी रातकिडे कान किटवत होते आणि त्या हातातली शेंग सोलता सोलता "हो ना" म्हणाल्या होत्या. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या वाक्याला 'हो ना' म्हणायची जिभेला सवय झालेली. वाक्य काय होतं, ते आता ताटावर बसून त्यांच्या लक्षात आलं.

"भाजीत मीठ कमी आहे," मेस्त्री म्हणाले.

"नाही, बरोबर आहे," मेस्त्रीणबाई म्हणाल्या. मेस्त्रींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा माळ्यावर. खिडकीतून पट्ट्यांवर ऊन आलं होतं. मेस्त्रीणबाईंनी वरच्या ओळीत हवा सोडणारी मूठ ओढली आणि जोडीला आधीच सुरात लावून ठेवलेल्या दुसऱ्या ओळीची. दोन नळ्या एका सुरात असल्या की दोघींचा मिळून एकच आवाज येतो. नसल्या की तो आवाज पाण्यासारखा हलतो. जितका जास्त फरक, तितक्या जलद लाटा. त्यांनी पट्टी दाबली. आवाज भरभर हलत होता. आत हत्याराची टकटक झाली.

"कसं?"

"नाही," मेस्त्रीणबाई म्हणाल्या.

आत सगळं थांबलं. ऑर्गनमधून हवेचा बारीक सुसकारा तेवढा येत राहिला.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं. हलतंय अजून."

पुन्हा टकटक झाली. "आता?"

"जास्त हलायला लागलं."

शिडी करकरली. बाजूचं लहानसं दार उघडून मेस्त्री वाकून बाहेर आले. त्यांच्या भुवयांवर धूळ होती. ते बाकाच्या टोकाला बसले आणि हातातलं पितळी हत्यार गुडघ्यावर उलटंसुलटं करत राहिले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"छान नाहीये, ते."

"दोनेक वर्षं झाली असतील. आधी थोडं होतं."

"मग छान छान काय म्हणत होतीस?"

"तुम्ही विचारत होता म्हणून."

"मला कळत नव्हतं म्हणून विचारत होतो मी."

"ते मला काय माहीत? मला वाटलं, असंच विचारताय." त्या थांबल्या. "प्रेमाने."

मेस्त्रींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "इतक्या वर्षांत कधी असलं काही प्रेमाने विचारलंय का मी?"

"नाही ना. म्हणून तर बरं वाटलं."

मेस्त्रींच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं. ते खाली रिकाम्या बाकांकडे बघायला लागले. मग हळूहळू, तुटक तुटक, त्यांनी सांगितलं. आधी शेवटची नळी ऐकू येईनाशी झाली. त्यांना वाटलं, हवा कमी पडतेय. त्यांनी भाता उघडून पाहिला. भात्यात काही बिघडलं नव्हतं. मग तिच्या अलीकडची गेली. मग तिच्या अलीकडची. कुणी जिना उतरत खाली यावं तसं एकेक पायरी खाली येत होतं.

"बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं? आणि तू म्हणायचीस छान. मला वाटलं, हातालाच कळतंय आता. कानाशिवाय जमतंय." त्यांनी हाताकडे पाहिलं. "बरं वाटायचं मला त्याचं."

आपल्या त्या एका शब्दावर या माणसाने एवढा भार टाकला होता, हे मेस्त्रीणबाईंच्या कधी ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी पट्ट्यांवरचं झाकण ओढून घेतलं, पुन्हा उघडलं. मग शहरातल्या माणसाबद्दल सांगून टाकलं.

"बोलवू दे," मेस्त्री म्हणाले. त्यांनी हत्यारं पुसायला घेतली. एकेक पुसून कापडाच्या कप्प्यात घालत होते. घाई नव्हती.

"मला ऐकू येतं," मेस्त्रीणबाई म्हणाल्या.

"ऐकू येणं वेगळं, लावणं वेगळं."

"मग शिकवा."

"शिडी आहे आत."

"घरी पोटमाळ्यावर मला चढवता तेव्हा नाही तुम्हाला शिडी आठवत."

मेस्त्रींनी हत्यारांची गुंडाळी तशीच अर्धी ठेवली, उठून अंगातला कामाचा कोट काढला आणि बायकोच्या पुढे धरला. बाह्या लांब होत्या. त्यांनीच त्या दुमडून दिल्या.

इतक्या वर्षांत मेस्त्रीणबाई ऑर्गनच्या आत कधी गेल्या नव्हत्या. दारातून हत्यार द्यायचं, दिवा धरायचा, एवढंच. आत जुन्या लाकडाचा आणि चामड्याचा वास होता. दोन्ही बाजूंना नळ्यांचं रान. कोपर जपून वळवत त्या शिडीवर चढल्या आणि वरची ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर आली. पेन्सिलीएवढ्या, काही तर त्याहून बारीक नळ्या. प्रत्येकीच्या अंगावर सूर कोरलेला, तिरप्या, जुन्या वळणाच्या अक्षरात. आजोबा शाळेत फार गेले नसावेत, असं त्यांना ते अक्षर बघून वाटलं आणि त्यांच्याविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

"धरलीय," बाहेरून मेस्त्री म्हणाले. त्यांना त्या पट्टीतून काहीच ऐकू येत नव्हतं. बोटाखाली पट्टी दबलेली होती, एवढंच त्यांना ठाऊक. "हलतंय?"

"हलतंय."

"भरभर की हळू?"

"भरभर."

"टोकदार हत्यार घे. तोंडात अलगद ठेव आणि एकदा टिचकी मार. जोरात नको."

त्यांनी टिचकी मारली. "आणखी भरभर."

"मग उलटं. दुसरं घे, पोकळ. वरून ठेव. तोंड जरासं मिटव."

"आता हळू झालं. पण एका जागी राहतच नाहीये..."

"नळीला हात लावलायस?"

"सरळ उभी राहीना म्हणून धरलीय."

"सोड. हाताच्या उबेने तिचा सूर चढतो आणि मग ती खोटं बोलते. सोड आणि थांब. थंड होऊ दे."

त्या थांबल्या. आवाज हलत होता, मग सावकाश हलायला लागला, मग एक लांब लाट आली आणि पुढची आलीच नाही. दोन आवाज होते तिथे एकच उरला, सरळ.

"थांबलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी फटीतून पाहिलं. मेस्त्री डोळे मिटून, एक बोट पट्टीवर ठेवून बसले होते.

पहिल्या दिवशी मोजक्याच नळ्या झाल्या आणि एक चिमटली. चिमटली ती अगदी बारकी होती. मेस्त्रीणबाई ती तळहातावर घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. आजोबांच्या हातची नळी. मेस्त्रींनी ती उजेडात धरून पाहिली, खिशातून गोल घासलेली काडी काढली आणि नळीच्या तोंडात घालून सावकाश फिरवत तिचा गोल परत आणला.

"पहिल्या वर्षी मी किती बिघडवल्या, ते विचारू नकोस," ते म्हणाले.

"किती?"

"सांगितलं ना, विचारू नकोस."

आठवडाभर रोज सकाळी असंच चाललं. मेस्त्रीणबाई आतून सांगायच्या, आवाज काय करतोय. मेस्त्री बाहेरून सांगायचे, हाताने काय करायचं. कधी वाद व्हायचा. "थांबलं" असं त्या म्हणायच्या आणि मेस्त्री म्हणायचे, "नीट ऐक, पूर्ण थांबलं की थांबल्यासारखं वाटतंय?" त्या चिडून पुन्हा ऐकायच्या आणि बहुतेक वेळा थांबल्यासारखंच असायचं.

एक दिवस गणिताच्या बाई शाळेतून परस्पर आल्या. त्यांना जिन्यावर मेस्त्रींचा आवाज ऐकू आला, "भरभर की हळू?" आणि ऑर्गनच्या आतून मेस्त्रीणबाईंचा, "हळू. अगदी हळू." गणिताच्या बाई वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पट्ट्यांपाशी कोण आहे आणि आत कोण, हे बघितल्यावर त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

"शहरात फोन करायचा म्हणत होता ना?" मेस्त्रींनी मागे न वळता विचारलं.

"अजून केला नाही."

"करायचा तर करा. पण आधी एकदा वाजवून बघा."

गणिताच्या बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी वरची ओळ वाजवली, झाकायला काही न लावता. खालून वर गेल्या, वरून खाली आल्या. मग एका पट्टीवर थांबून पुन्हा दाबली.

"ही एक अजून हलतेय," त्या म्हणाल्या.

"मलाही वाटलं होतं," आतून मेस्त्रीणबाई म्हणाल्या. "दाबून ठेवा तशीच."

फोन झाला नाही.

शताब्दीच्या दोन दिवस आधी लेक आली. तिला फोनवर सगळं कळलं होतं. तिने कुणाचं काही ऐकलं नाही आणि बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मोकळेपणाने बोलले. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं जास्त स्पष्ट येईल. अगदी वरचे सूर मात्र गेले ते गेले. मेस्त्रींनी यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाले, "भांड्यांच्या दुकानात उभं केल्यासारखं वाटतंय." तरी लेकीसाठी ते लावून घरी आले. जेवताना मेस्त्रीणबाई सवयीने ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या आणि मेस्त्री म्हणाले, "ऐकू आलं." लेक हसत सुटली. त्यानंतर मेस्त्रीणबाईंना घरात जरा जपून पुटपुटावं लागलं.

रविवारी चर्च भरलं. फादर गेल्या काही दिवसांत ऑर्गनचा इतिहास विचारायला मेस्त्रींकडे येऊन गेले होते. ते सुराच्या बाबतीत बेताचेच होते आणि कबूलही करायचे, पण इतिहास त्यांनी चांगला सांगितला. भुशातून आलेल्या नळ्या, परत न गेलेले कारागीर, बेकरीवाल्याची मुलगी. लोक हसले. मग लढाई, ट्रक आणि चमचा. समोरच्या चंदेरी नळ्या लाकडाच्या आहेत हे ऐकून बरीच डोकी मागे माळ्याकडे वळली. कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे आमच्या फोटोत...?"

"मेस्त्रींच्या आजोबांची वरची ओळ आजही तशीच आहे," फादर म्हणाले. "यंदा तिचा सूर मेस्त्रीणबाईंनी लावला आहे. हे मी मुद्दाम सांगावं, असं मला मेस्त्रींनी बजावलंय."

मेस्त्रीणबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. मेस्त्री फादरच्या पलीकडच्या खिडकीकडे बघत होते. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं.

मग गणिताच्या बाईंनी वाजवायला सुरुवात केली. खालचे मोठे सूर आले तेव्हा बाकांची लाकडं थरथरली आणि मेस्त्रींनी पुढच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवला. मधल्या ओळी आल्या, एकमेकींच्या खांद्यावरून पुढे गेल्या. मेस्त्री मान हलवत होते. मग एकेक ओळ मागे राहत गेली, सूर बारीक होत वर चढत गेले आणि एका जागी मेस्त्रींच्या कानांच्या पलीकडे ते निघून गेले. त्यांच्यासाठी चर्चमध्ये शांतता झाली.

कुणी उठलं नव्हतं. लेक समोर बघत होती. एका बाकावर एक म्हातारा, तोंड जरासं उघडं ठेवून, वर छताकडे पाहत होता. मेस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून ऐकत होती. कपाळावर एक आठी होती, कामाच्या वेळी पडायची तशी. मग ती आठी हळूहळू गेली.

पुढच्या बाकावरचा हात मेस्त्रींनी मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि बायकोची मान वर येईपर्यंत ते तिच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिले.